पोटावरचा हात

त्या दुपारी रोह्याच्या आमच्या छोट्या हॉस्पिटलच्या वॉर्डात तीन पेशंट होते आणि त्यांच्यासाठी मी एकटा होतो. डॉक्टर मॅडम, भूल देणारे डॉक्टर आणि आमची सिस्टर असे तिघंही ऑपरेशन थिएटरमध्ये होते. एका बाईचं सिझर अचानक करावं लागलं होतं, आणि एकदा पोट उघडलं की आतल्या कुणालाच बाहेर येता येत नाही. आत जाता जाता सिस्टर मला म्हणाली, "पडद्यामागच्या बाळंतिणीकडे लक्ष ठेवायला मावशींना सांगितलंय. तू बाकीचे दोघं बघ." मावशी म्हणजे आमच्या आयाबाई. वयानं मोठ्या, कामाला खंबीर.

मला बाळंतिणीकडे पाठवायचं नाही हे कुणी ठरवलेलं नव्हतं, पण सगळ्यांना ते माहीत होतं. मी नर्स आहे, आणि पुरुष आहे. हॉस्पिटलात मला सगळे ब्रदर म्हणतात. माझं घर पेण तालुक्यात, धरमतरच्या खाडीकाठी. घरचे मिठागरावर राबणारे. मी पेणला नर्सिंगला गेलो तेव्हा गावातली पोरं हसायची. "आता हा बायांची बाळंतपणं करनार," म्हणायची. प्रत्यक्षात मला बाळंतपणाच्या जवळ कुणी फिरकू देत नव्हतं. शिकताना जेवढ्या प्रसूती बघायला लागतात तेवढ्या बघितल्या, त्याही मागच्या रांगेत उभं राहून. नोकरीला लागल्यावर म्हाताऱ्यांना उचलणं, प्लास्टरवाल्यांना वळवणं, पुरुषांच्या लघवीच्या नळ्या घालणं, हेच माझं काम झालं होतं. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. ते काम मला येत होतं.

पेणला आम्हाला शिकवणाऱ्या बाई मात्र वेगळ्या होत्या. त्या वॉर्डात शिरण्याआधी आम्हाला दारातच थांबवायच्या आणि विचारायच्या, "सगळ्यांकडे बघितलंस? आता सांग, पहिला कुणाकडे जाशील?" आपण कुणा ओरडणाऱ्याचं नाव घेतलं की त्या पुढं काही बोलायच्या नाहीत, नुसत्या बघत राहायच्या. आपलं चुकलंय हे तेवढ्यावरून कळायचं. एकदा त्यांनी मागच्या रांगेतून मला पुढं ओढलं आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बाईची परवानगी घेऊन माझा हात तिच्या पोटावर ठेवला. "ही गर्भाची पिशवी. बेंबीच्या खाली, नारळासारखी घट्ट लागली पाहिजे. लागतेय?" लागत होती. त्यानंतर कितीतरी वर्षांत तसा हात ठेवायची वेळ माझ्यावर आली नव्हती.

त्या दिवशी वॉर्डात सगळ्यात जास्त आवाज होता मुतखड्याच्या पेशंटचा. तरणाबांड माणूस, कंपनीतली शिफ्ट अर्धी टाकून थेट आलेला, अंगात अजून कंपनीचा शर्ट. कमरेतली कळ आली की तो कॉटवर गुडघे पोटाशी घेऊन लोळत होता. एक सुई दिली होती, पण तिचा गुण अजून येत नव्हता. समोरच्या कॉटवर दम्याचे एक म्हातारे बाबा, खाडीकडच्या गावातले. त्यांना मशीनवर ऑक्सिजन चालू होता आणि ते आता जरा निवांत होते. त्यांचा मुलगा उशाशी बसलेला. बापाच्या प्रत्येक श्वासाकडे तो असा बघत होता, जणू तो श्वास त्यालाच घ्यायचा आहे.

बाळंतिणीच्या पडद्यामागून काहीच आवाज नव्हता. ती सकाळी बाळंत झाली होती, पहिलटकरीण, सगळं सरळ पार पडलं होतं.

मी मुतखडावाल्यासाठी दुसरं इंजेक्शन भरत होतो. तेवढ्यात तिची सासू बाहेर आली. निडी गावाच्या आतल्या बाजूला भातशेती करणारं घर त्यांचं. अंगानं काटक, हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या.

"ब्रदर, सून पानी मागते. देऊ ना?"

"द्या की. सकाळपासून किती प्यायली?"

"लय प्यायली. तांब्या रिकामा केलान. तरी तहान लागते म्हनते."

"आणि काय म्हणते?"

"काय नाय. सुस्तावलीय. घाम आलाय, जांभया देते नुसती. रातभर जागलीय ना, झोपू दे म्हटलं."

माझा हात सिरिंजवरच थांबला. ऑक्टोबरचा उकाडा होता, घाम सगळ्यांनाच येत होता. तहानही. पण पंख्याखाली पडलेली बाई पाण्याचा तांब्या संपवते आणि वर जांभया देते, हे काही मला झोपेचं वाटेना. मी सिरिंज झाकून ट्रेमध्ये ठेवली आणि पडद्याकडे निघालो.

"ओ ब्रदर," मुतखडावाला ओरडला, "माझी सुई कुठं चालली? मी मरतोय इथं."

"आलोच," मी म्हणालो. ते खरं ठरणार नव्हतं, पण तेव्हा मला ते माहीत नव्हतं.

पडद्यापाशी सासू आडवी आली. "तू नको आत येऊस. मावशीला बोलव."

"काकी, मी फक्त मनगट धरतो. नाडी बघतो."

त्यांनी नाइलाजानं वाट दिली. सूनबाई उताणी पडली होती, गळ्यापर्यंत चादर. चेहरा पांढरा पडलेला, ओठही त्याच रंगाचे. बाळ बाजूच्या पाळण्यात झोपलं होतं. मी तिचं मनगट धरलं. हात गार आणि ओलसर. नाडी शोधावी लागली, आणि सापडली ती इतकी बारीक आणि इतकी वेगात की मला मोजायची गरजच राहिली नाही.

"ताई, कसं वाटतंय?"

"अंधारी येते," ती म्हणाली.

मावशी पाणी आणायला गेल्या होत्या, त्या मागोमाग आल्याच. मी म्हणालो, "मावशी, पॅड बघा." आणि मी पाठ फिरवून उभा राहिलो. चादर सरकल्याचा आवाज आला. मग मावशी हळूच म्हणाल्या, "ब्रदर, पॅड नाय काय, गादी भिजलीय. पाठीखाली गेलंय सगळं."

रक्त वरून दिसत नव्हतं. ते कमरेखालून मागं वाहत गेलं होतं, मेणकापडावर साचलं होतं, आणि तिला फक्त ओलं लागत होतं. बाळंतपणात ओलं लागतंच असं समजून ती गप्प पडून होती.

मी वळलो. सासूबाईंनी चादर पुन्हा ओढून घेतली होती आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. "काकी, पिशवी सैल पडली असणार. मला पोटावर हात ठेवून ती दाबायला पाहिजे. आत्ताच."

"आमच्यात असं चालत नाय. डाक्टरबाई येऊ दे."

"त्यांना आत्ता येता येत नाही. आतल्या बाईचं पोट उघडं आहे."

"मंग सिस्टर."

"तीही आत आहे."

"मावशी हायत ना? त्या दाबतील. तू पुरुषमानूस. उद्या गावात काय सांगू मी?"

मावशींनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी कधी ते केलं नव्हतं आणि तसं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मी काकींशी बोलायचं सोडलं. त्या घाबरल्या होत्या आणि त्यांना पटवत बसायला वेळ नव्हता, आणि तसंही पोट त्यांचं नव्हतं. मी खाली वाकलो.

"ताई, माझ्याकडे बघा. तुम्हाला रक्त जास्त जातंय. ते थांबवायला मला तुमच्या पोटावर हात ठेवायचाय, जोरात दाबायचंय, दुखेल. मी ठेवू का?"

तिनं सासूकडे बघितलं नाही. "ठेवा," म्हणाली. मग सासूला म्हणाली, "आई, सोडा ती चादर."

काकींनी चादर सोडली.

मी हात ठेवला. नारळ लागायला हवा होता तिथं काहीच लागेना. तांदळाची उकड हाताखाली यावी तसं मऊ, पसरट, आणि बेंबीच्या वर, एका बाजूला सरकलेलं. मी पंजा वाकवून खोल घातला आणि गोल गोल चोळायला लागलो. ती कळवळली. रक्ताची मोठी गाठ बाहेर पडली, ती मावशींनी बघितली आणि तोंड फिरवलं.

"मावशी, थिएटरच्या दाराशी जा. आत जाऊ नका, दारातून सांगा. बाळंतिणीला खूप रक्तस्राव, पिशवी मऊ, नाडी बारीक. ड्रिप लावू का विचारा. काय सांगणार ते मला म्हणून दाखवा."

त्यांनी म्हणून दाखवलं, एकही शब्द न सोडता, आणि पळाल्या.

तेवढ्या वेळात माझा एक हात पोटावर आणि दुसरा मोकळा. सकाळची सलाईन नशिबानं तिच्या हाताला अजून जोडलेली होती. मोकळ्या हातानं मी ती उघडली, पूर्ण वेगानं सोडली. काकींना म्हटलं, पायाकडची ती दोन ब्लँकेटांची घडी तिच्या पायांखाली सरकवा. त्यांनी सरकवली. मुतखडावाला तिकडून शिव्या घालायला लागला होता. त्या मला नाही, स्वतःच्या कळेलाच घालत होता बहुतेक, पण ऐकू येत होतं.

मावशी परत आल्या. मॅडमनी आतून सांगितलं होतं: पिशवी आवळणाऱ्या औषधाची ड्रिप लाव, रक्त थांबवायचं इंजेक्शन दे, लघवी तुंबलीय का बघ, आणि पिशवी सोडू नकोस. मी दोन्ही औषधांची नावं मावशींना मोठ्यानं सांगितली आणि त्यांनी फ्रीजमधून आणि ट्रॉलीवरून काढून माझ्या डोळ्यांपुढे धरली. मी बाटलीवरचं नाव वाचल्याशिवाय काहीच टोचत नाही. हात घाईत असला की डोळ्यांना जास्तच सावकाश वाचायला लावायचं, हे मला पेणच्या बाईंनी शिकवलेलं. वाचून झाल्यावर मावशींना क्षणभर पोट दाबायला लावून मी दोन्ही दिली.

"लघवी कधी झाली ताई?"

ती आठवू शकली नाही. काकी म्हणाल्या, "बाळंत झाल्यापासून नाय."

म्हणून गर्भाची पिशवी वर आणि एका बाजूला ढकलली गेली होती. लघवीनं भरलेल्या मूत्राशयानं तिला आवळायला जागाच ठेवली नव्हती. नळी घालायला हवी होती. मी पुन्हा विचारलं, ती पुन्हा हो म्हणाली. मी हातमोजे बदलून नळी घालेपर्यंत पोटावर मावशींनी मी दाखवलं तसं दाबून धरलं, जमेल तेवढं. काकींनी पडदा दोन्ही टोकांना घट्ट धरला आणि तोंड भिंतीकडे केलं. नळीतून भरपूर लघवी निघाली. मी पुन्हा पोटावर हात ठेवला तर उकड जरा आवळल्यासारखी वाटली.

आणि तेव्हाच लाईट गेली.

पंखे थांबले. थिएटरचा जनरेटर सुरू झाल्याचा आवाज आला, पण तो वॉर्डासाठी नव्हता. ऑक्सिजनच्या मशीननं एक लांब शिट्टी मारली आणि ते बंद पडलं. म्हाताऱ्यांचा मुलगा ओरडला, "ओ ब्रदर! बाबांची हवा गेली!"

मला तिथून पडद्याच्या फटीतून बाबा दिसत होते. उताणे पडले होते, मान वर, गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत जात होता. त्यांच्या कॉटशेजारी भरलेला सिलिंडर होता. तो उघडायला चावी लागते आणि ती माझ्या टेबलाच्या कप्प्यात असायला हवी होती.

बाबांना हवा नव्हती. ताईला रक्त नव्हतं. मी मध्ये. हात उचलला तर पिशवी सैल पडेल हे मला हाताखाली कळत होतं. जरा थांबलं की ती लगेच मऊ व्हायची. आणि बाबा तसेच राहिले तर फार वेळ टिकणार नाहीत, हे त्यांच्या गळ्याच्या खळग्यात दिसत होतं. मावशींना सिलिंडर उघडता येत नव्हता. उघडला तरी किती सोडायचा ते कळणार नव्हतं, आणि दम्याच्या जुन्या पेशंटला भरमसाट ऑक्सिजन दिला तर त्याचाही घात होतो.

"मावशी, जा, बाबांना उठवून बसवा. पाय खाली सोडून. पुढ्यात जेवणाचं टेबल घ्या आणि त्यांना त्यावर कोपरं टेकून वाकू दे." मग मी मुलाला हाक मारली. "दादा, माझ्या टेबलाचा वरचा कप्पा. लोखंडी चावी आहे. शोधा."

"तुम्ही या ना आधी."

"चावीशिवाय येऊन उपयोग नाही. शोधा."

तो कप्पा उपसायला लागला. मी काकींकडे वळलो.

"काकी, इकडे या. हात द्या."

"मी?"

"मला तिकडे जायला पाहिजे. माझ्या जागी तुमचा हात पाहिजे."

त्या मागं सरकल्या. "माझ्यानं नाय व्हायचं. काय झालं तर?"

"मी हात काढला तर नक्की होईल. द्या हात."

त्यांनी बांगड्या वर सारल्या. मी त्यांचा पंजा माझ्या हाताखाली घेतला, बेंबीच्या खाली टेकवला, बोटं वाकवून आत रुतवली. मी वरून दाबत गोल फिरवला. "असं. तिला दुखेल, ती ओरडेल, तरी थांबायचं नाही. घट्ट गोळा लागतोय?"

"मऊ लागतंय."

"तो गोळा घट्ट झाला पाहिजे. भाकरीचं पीठ मळता तसं मळा. परत मऊ पडलं की जोर वाढवायचा. आणि मला ओरडून सांगायचं."

मी हात काढला आणि पळालो.

बाबा टेबलावर वाकून बसले होते. नुसत्या तेवढ्या बसण्यानं त्यांच्या गळ्याचा खळगा जरा कमी आत जात होता. मुलाला चावी सापडेना. मी कप्पा पूर्ण बाहेर ओढला, पालथा केला. पट्ट्या, कात्री, पेन, थर्मामीटर. चावी नव्हती. मग मुलगाच म्हणाला, "ही का?" चावी सिलिंडरच्याच मानेला दोरीनं बांधलेली होती. कुणीतरी शहाणपणानं तिथं बांधून ठेवली होती आणि मला सांगायचं राहून गेलं होतं.

सिलिंडर उघडला. हवा फुसफुसली. मी अगदी थोडी सोडली, नळी नाकाला लावली, मुलाला खाली त्यांच्यासमोर बसवलं. "दादा, त्यांच्या डोळ्यांत बघा. तुम्ही नाकानं श्वास घ्या आणि शीळ घालता तसा ओठातून हळूहळू सोडा. ते तुमच्यासारखं करतील. घाई करू नका, तुम्ही घाई केली की तेही करतील." तो मघापासून माझ्यावर ओरडणारा माणूस, एकदम शहाण्या मुलासारखा मांडी घालून बसला आणि शीळ घालायला लागला. बाप त्याच्याकडे बघून ओठ गोल करत होता.

"ब्रदर!" पडद्यामागून काकींचा आवाज आला. "मऊ पडलं!"

मी परत धावलो. काकींच्या कपाळावरून घाम गळत होता, पदर खांद्यावरून पडलेला त्यांना कळलंही नव्हतं. हात मात्र जागचा हलला नव्हता. मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि आम्ही दोघांनी मिळून दाबलं. आणखी एक गाठ पडली. मग हळूहळू हाताखाली ते आवळत गेलं. "आता?" मी विचारलं.

"दगडासारखं लागतंय," त्या म्हणाल्या. आणि लगेच, "सोडू?"

"नाही. धरून ठेवा."

मॅडम थिएटरमधून आल्या तेव्हा त्यांच्या अंगावर अजून हिरवा गाऊन होता. त्यांनी आतून तपासलं, उरलेल्या गाठी काढल्या. रक्त कमी झालं, पण थांबलं नाही. "हिचं रक्त आधीच कमी होतं," त्या म्हणाल्या. "आता रक्त चढवल्याशिवाय भागणार नाही. मी पेणला बोललेय, ते तयार ठेवतायत. तू जा बरोबर. सिस्टरला सिझरवालीला सोडता येणार नाही."

बाळ सिस्टरकडे ठेवलं. ताईचा नवरा कंपनीत होता, त्याला फोन करून थेट पेणला यायला सांगितलं. अँब्युलन्सचं मागचं दार उघडलं तेव्हा काकी कुणाला न विचारता आत चढल्या आणि स्ट्रेचरच्या माझ्या समोरच्या बाजूला बसल्या. "हात आता मी ठेवू का तू?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही. मला सलाईन बघायचीय."

रोहा सुटलं. निडी आलं. तिथून आत वळलं की त्यांचं घर, पण काकींनी खिडकीकडे बघितलं नाही. नागोठण्यापर्यंत ठीक होतं. हायवेला लागल्यावर खड्डे सुरू झाले. प्रत्येक खड्ड्याला काकींचा हात उडायचा आणि त्या तो पुन्हा जागेवर बसवायच्या, मी दाखवला तिथंच. मी सलाईनची पिशवी दोन्ही हातांत धरून पिळत होतो, म्हणजे पाणी लवकर आत जावं. बीपीचं मशीन धक्क्यांनी काहीही आकडे दाखवत होतं. मी ते बाजूला टाकलं आणि तिच्या गळ्यावर दोन बोटं ठेवली. तिथं लागत होतं तोवर मला धीर होता.

वडखळला गाड्या तुंबलेल्या. ड्रायव्हर म्हणाला, "पुढं ट्रक आडवा हाय." आम्ही उभे राहिलो. सायरन वाजत होता आणि कुणी हलत नव्हतं, हलायला जागाच नव्हती. आणि ताईनं डोळे मिटले.

"ताई." उत्तर नाही. मी खांदा हलवला. "ताई, डोळे उघडा."

काकींनी सुनेच्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "गो," त्या म्हणाल्या, "गो, उठ. बघ माझ्याकडं."

गळ्यावरची नाडी होती. दोऱ्यासारखी, पण होती. मी काकींना म्हणालो, "हात थांबला. थांबवू नका." त्यांचा हात थांबला होता, त्यांना कळलं नव्हतं. त्या पुन्हा दाबायला लागल्या. मी पायांखालची उशी आणखी वर केली, सलाईन सगळ्या ताकदीनं पिळली. ती संपत आली होती. शेवटची पिशवी लावली. ड्रायव्हरनं गाडी रस्त्याच्या कडेच्या मातीत उतरवली आणि तिरकी करत ट्रकच्या बाजूनं काढली. एका बाजूला इतकी कलली की मी आणि काकी दोघंही तिच्या अंगावर आलो.

पेणचा रस्ता लागला तेव्हा ती काहीतरी पुटपुटली. मी कान नेला.

"बाळ?"

"रोह्याला सिस्टरजवळ आहे. बरं आहे. तुम्ही माझ्याशी बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. नाव काय ठेवणार ते सांगा."

"नाय ठरलं," ती म्हणाली आणि पुन्हा डोळे मिटू लागली. पेण येईपर्यंत मी तिला काय काय विचारत राहिलो ते आता आठवत नाही. भाताला यंदा कणसं कशी भरलीत, हेही विचारलं होतं बहुतेक.

पेणच्या हॉस्पिटलच्या दारात तिथल्या दोन सिस्टर उभ्या होत्या. शेवटच्या वळणावर पोट मी घेतलं होतं, काकींचा हात गळून गेला होता. मी चालता चालता सांगितलं: सकाळची प्रसूती, पिशवी सैल पडून रक्तस्राव, काय औषधं दिली, लघवीची नळी आहे, किती सलाईन गेली, वाटेत एकदा शुद्ध हरपत होती. एक सिस्टर ऐकत होती. दुसरीनं आपला हात माझ्या हाताखाली सरकवला. "सोडा आता," ती म्हणाली. "मी धरलंय." मला सोडायचं होतं पण बोटं उघडेनात. तिनं एकेक बोट उचलून काढलं, आणि त्यांनी तिला आत नेलं.

मी आणि काकी बाहेरच्या बाकड्यावर बसलो. त्या उजवा हात मांडीवर उपडा ठेवून डाव्या हातानं दाबत होत्या. मग म्हणाल्या, "तुला कसं कळलं? मला तर वाटलं झोप येते तिला."

मी सांगितलं. न भागणारी तहान, गार घाम, जांभया, सुस्ती. रक्त नेहमी दिसतंच असं नाही.

"म्हंजे पानी मागते ते सांगितलं ते बरं झालं."

"ते तुम्ही सांगितलंत म्हणूनच मी आत आलो, काकी. नाहीतर मी सुई द्यायला चाललो होतो."

त्यांनी मान हलवली. "धाकटी सून पन पोटुशी हाय," त्या म्हणाल्या. "परत एकदा सांग ते सगळं. सावकाश."

मी परत सांगितलं. त्या ओठ हलवत मनात घोकत होत्या. त्यांचा मुलगा, ताईचा नवरा, धावत आला तेव्हा त्यांनी त्याला थांबवून तेच पहिलं सांगितलं, बायको कशी आहे त्याच्याही आधी. तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला.

संध्याकाळी उजेड असतानाच आतून डॉक्टर आले. रक्त चढतंय, पिशवी आवळलीय, काढायला लागली नाही. दोन-चार दिवस ठेवू. काकींनी ऐकलं आणि वर सारलेल्या बांगड्या खाली ओढून घेतल्या. मी निघालो. घर तिथून जवळ होतं पण मी रोह्याची एसटी धरली. वॉर्ड कसा सोडून आलो होतो ते मला बघायचं होतं.

बाबा बसून चहा पीत होते. लाईट आली होती. मुतखडावाला नंतर सिस्टरकडून सुई घेऊन घरी गेला होता. तो दुसऱ्या दिवशी मॅडमना भेटायला आला आणि माझी तक्रार केली. माणूस कळांनी तडफडत असताना ब्रदर आलोच म्हणून जातो आणि परत येत नाही, याला काय हॉस्पिटल म्हणायचं? मॅडमनी मला बोलावून त्याच्यासमोर उभं केलं. मी म्हणालो, तुमचं खरं आहे. तुम्हाला फार वेळ सोसावं लागलं. पलीकडे काय चाललं होतं ते मी सांगितलं. तो ऐकून घेत होता, पण त्याचा राग गेला नाही. "ते ठीक आहे," तो म्हणाला, "पण माझंही दुखत होतं." दुखत होतंच. त्याला माझ्यासाठी थांबावं लागलं आणि थांबताना कुणी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. नंतर मी एक गोष्ट सुरू केली. कुणाला थांबवून दुसऱ्याकडे जायचं असेल तर आलोच म्हणत नाही. उशीर होईल, पलीकडे जीवावर बेतलंय, असं तोंडावर सांगतो. लोक चिडतात. पण वाट बघत राहत नाहीत.

त्या महिन्यात मॅडम म्हणाल्या की यापुढे बाळंतिणींच्या बाजूलाही तुझी ड्यूटी लावते. मी अट घातली की आधी त्या बाईला विचारायचं, सासूला नाही, नवऱ्याला नाही. तसं चालू झालं. बऱ्याच जणी हो म्हणतात. परवा एक आली, ती नको म्हणाली. मान खाली घालून, हळूच. मी बरं म्हणालो, सिस्टरला हाक मारली, आणि पडद्याच्या बाहेर पाठ करून उभा राहिलो. आतून सिस्टर म्हणाली, "घट्ट आहे." मी ते ऐकून पुढच्या कॉटकडे गेलो.